दुसऱ्या किलवार्नाची डेलिया

किलवार्ना (तुझं नव्हे, माझं),
मंगळवार, १३ मार्च १९६२

प्रिय सबीना,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी रागावशील आणि मगच उघडशील, हे मला ठाऊक आहे. तुझ्या नाताळच्या पत्राला मी अजून उत्तर दिलेलं नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. आजारी होते, शाळेत तपासणी होती, शाई संपली होती, अशी तीन कारणं मी मनात तयार ठेवली होती आणि तिन्ही खोटी. खरं कारण असं की जे तुझ्या आईचं आहे ते गेले नऊ महिने माझ्या घरात आहे. ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी परत केलं नाही. फोन करायचा तर पोस्टातल्या मिसेस कॉनबॉय सगळं ऐकत असतात, आणि तार करायची तर दहा शब्दांत मावेल असं मी काही केलेलं नाही. म्हणून पत्र. बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय आईला काही सांगू नकोस.

आठवतं ना, डब्लिनच्या अध्यापिका विद्यालयातला तो पहिला दिवस? हजेरी घेताना सिस्टरांनी विचारलं, "किलवार्नाची मुलगी कोण?" आणि खोलीच्या दोन टोकांना आपण दोघी उभ्या राहिलो. "मायो परगण्यातली का तू? देव तुझं रक्षण करो," मी म्हटलं. "रॉसकॉमनच्या मेंढीचोरांनी माझी काळजी करू नये," तू म्हणालीस. तिथून आपली गट्टी जमली. तुझं गाव समुद्रावरचं, माझं तळ्याकाठचं, आणि भांडण एकच: लॉर्ड किलवार्ना कुठल्या किलवार्नाचे? तू म्हणायचीस तुमचे, मी म्हणायचे आमचे. शेवटी इतिहास शिकवणाऱ्या सिस्टरांनी निकाल दिला. त्या घराण्याच्या मूळ पुरुषाने कुठल्याशा राजाची काहीतरी सोय केली, त्याला किताब मिळाला, आणि किताबाला एक नाव हवं म्हणून त्याने हे उचललं. दोन्हीपैकी एकाही गावात त्यांच्यातल्या कुणी कधी पाऊल टाकलेलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या तिसऱ्या किलवार्नाला तर नाव त्यांच्यावरूनच दिलेलं, आणि तिथे म्हणे माणसांहून मेंढ्या जास्त. आपण हसून हसून लोळलो होतो. "जे आपलं नाही ते अंगावर घालून खुशाल मिरवायचं, त्याला म्हणतात लॉर्ड," असं तू म्हणाली होतीस. या हिवाळ्यात हे वाक्य मला फार वेळा आठवलं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्याकडे आठवडाभर राहिले. तुझी आई पावाचं पीठ मळत होती आणि खिडकीत पितळी मेणबत्तीदाणी उभी होती. जून महिन्यात ही इथे कशी, असं मी विचारलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळेच खिडकीत मेणबत्ती लावतात, पण नंतर दाणी उचलून ठेवतात. तुझी आई म्हणाली, "माझी वर्षभर तिथेच असते. डेलियाची आहे ती." मग तिने सांगितलं. त्यांची आई बाळंतपणातून उठली नाही, बापाला दोन पोरी सांभाळणं झेपेना, म्हणून सहा वर्षांची डेलिया आत्याबरोबर अमेरिकेला गेली आणि ती स्वतः, वर्षाची केट, आजीजवळ राहिली. आत्याचा पत्ता बदलला, पत्रं परत आली, पुढे तीही बंद झाली. "मला तिचं तोंड आठवत नाही गं," तुझी आई म्हणाली, "पण कुणीतरी मला कडेवर घेऊन समुद्रावर जायचं, एवढं अंगाला आठवतं." जेवणानंतर ती खुर्चीतच पेंगली आणि तिची मधली दोन बोटं तोंडात गेली. मला हसू येणार तोच तू डोळे वटारलेस. "लहानपणची सवय आहे. आजी सांगायची, डेलियाच ती बोटं ओढून काढायची." चाळीस वर्षांची बाई आणि तोंडात बोटं. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही.

आता गेल्या जूनचं. शनिवारी दुपारी बसमधून एक म्हातारी उतरली. निळा कोट, पीस लावलेली टोपी, दोन मोठ्या बॅगा. थांब्यावर मी होते आणि माझा शेजारी पॅकी टिव्हनन वर्तमानपत्र घ्यायला आला होता. तिने पर्समधून एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. लॉर्ड किलवार्नांच्या लग्नाचा फोटो. "यांचा राजवाडा कुठल्या बाजूला?" पॅकीने टोपी मागे सारली. "राजवाडा? बाई, आमच्याकडे एक चर्च, दोन दारूचे गुत्ते आणि पावसाळी गवत. लॉर्ड नुसता नावाला, तोही कधी इकडे फिरकला नाही. तुमचं इथलं कोण?" आपल्याकडे पहिला प्रश्न हाच असतो. ती म्हणाली, मी डेलिया, ब्रेननांची. सहा वर्षांची असताना इथून गेले. तिकडे तीन वर्षांत आत्या वारली, पुढे अनाथाश्रमात वाढले. गावाचं नाव किलवार्ना एवढं पाठ होतं. लहानपणी "किलवार्ना, आयर्लंड" लिहून दोन पत्रं टाकली, उत्तर आलं नाही. परवा तिकीट काढताना कारकुनाने नकाशात बघून या गावावर बोट ठेवलं.

ब्रेनन दोन्ही किलवार्नांत पैशाला पासरी आहेत. मी स्वतः ब्रेनन. आणि लांबून आलेल्या माणसाला 'तुमचं इथे कुणी नाही' असं सांगून परत पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. नातं लागत नसेल तर लावायचं. "म्हणजे तुम्ही आमच्याच!" मी म्हणून गेले. घरापर्यंतच्या अर्ध्या मैलात मी माझ्या आजोबांना एक चुलतभाऊ दिला, त्याला एक मुलगी दिली, आणि त्या मुलीच्या जागी हिला बसवलं. रविवारी फादर लॅव्हिनांनी वेदीवरून जाहीर केलं की मिस ब्रेननची हरवलेली आत्या घरी आली आहे. लोक हॅम, केक, अंडी घेऊन आले. पॅकीने फिडल वाजवलं. तिने सगळ्यांसमोर माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, "ही माझी हनुवटी आहे." सबीना, माझी हनुवटी माझ्या आईवर गेली आहे आणि माझी आई गॉलवेची होती. पण मी होकारार्थी मान डोलावली.

दुसऱ्याच आठवड्यात ती विचारू लागली, "समुद्र कुठे आहे? मला समुद्राचा वास आठवतो." मी तिला तळ्यावर नेलं. सांगितलं, लहान पोराला तळंच समुद्राएवढं वाटतं. ती बराच वेळ काठावर उभी राहिली, वास घेत. "असेल," म्हणाली. मग जुलैमध्ये आम्ही दोघी पायरीवर बसून वाटाणे सोलत होतो आणि ती आपणहून बोलली. तिची एक धाकटी बहीण होती. तिला कडेवर घेऊन ती हिंडायची. ती सारखी मधली दोन बोटं चोखायची आणि ही ओढून काढायची. बहिणीचं नाव तिला आठवत नव्हतं. "आम्ही तिला नुसतं बाळ म्हणायचो," म्हणाली. "वाचली असेल का गं ती?" माझ्या हातातून वाटाण्यांचं भांडं निसटलं. ते गोळा करायला मिळालं म्हणून तोंड लपवता आलं.

संध्याकाळी मी चर्चमध्ये जाऊन बाप्तिस्म्याची वही उघडली. फादरांचे डोळे अधू असल्यामुळे ती वही माझ्याच ताब्यात असते. १८८३ ते ८५, एकही डेलिया ब्रेनन नाही. घरी आल्यावर ती आशेने माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "त्या वर्षांची पानं ओलीने गेली आहेत." तीस वर्षं मुलांना मी खोटं बोलल्याबद्दल कोपऱ्यात उभं करते. हे वाक्य बोलताना मला चाचरायलाही झालं नाही. मग ती म्हणाली, निदान आईची कबर तरी दाखव. मी दाखवली. कुंपणाच्या काटेरी झाडाखाली एक बिनदगडाची जागा आहे. आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे की तिथे सुया आणि देवाची चित्रं विकणारा एक फेरीवाला आहे. पूर्वी कधी तो तळ्यात बुडाला, त्याचं नावही कुणाला कळलं नाही. डेलिया तिथे गुडघे टेकून बसली आणि "आई" म्हणाली. पॅकी पलीकडे कुंपण दुरुस्त करत होता. त्याने टोपी काढली आणि माझ्याकडे पाहिलं. दर रविवारी ती तिथलं तण काढायची. तिने तिथे पिवळ्या प्रिमरोझची रोपं लावली. अख्खं गाव बघायचं आणि अख्खं गाव मूग गिळून बसायचं, कारण बाईंनी सांगितलंय म्हणजे बाई बघून घेतील.

का केलं, हे तू विचारशीलच. आई गेल्यापासून या घरात एकच कप विसळला जातो, सबीना. दोन्ही भाऊ मँचेस्टरला, वर्षाकाठी एक कार्ड. तुझ्याकडे मार्टिन, पाच मुलं, आई, वर समुद्रही. आणि इथे एक माणूस माझी वाट बघत दारात उभं राहू लागलं. शाळेतून यायला उशीर झाला तर रागवायचं. "डोकं पूस, ओली झालीयेस" म्हणायचं. चर्चमध्ये लोक मला 'डेलियाची विनी' म्हणू लागले. पन्नास वर्षांत मी कुणाची कधी नव्हते. मी रोज ठरवायचे की या रविवारी सबीनाला लिहीन. मग रविवारी ती माझ्यासाठी सफरचंदाचा केक करायची आणि मी पुढच्या रविवारवर ढकलायचे. तुला हेवा म्हणायचं असेल तर म्हण. तोही होता. तुझ्याकडे एवढी माणसं आहेत, एक माझ्याकडे राहिलं तर काय बिघडलं, असंही माझ्या मनात येऊन गेलं आहे.

आणि वर एक गोष्ट मी सोयीने गाळली. बसथांब्यावर तिने नाव सांगितलं तेव्हा मला खरंच काही सुचलं नव्हतं का? नऊ महिने मी स्वतःला सांगत आले की नाही, डेलिया ब्रेनन काय, आमच्याच गावात तीन आहेत. आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. मला तुझी आई आठवली. पितळी मेणबत्तीदाणी आठवली. तिने नाव सांगितलं आणि मी तोंड उघडलं, त्या मधल्या क्षणात आठवली. आणि तरी मी म्हटलं, "तुम्ही आमच्याच." ही चूक नव्हती. पद्धतीच्या आड लपून मी ते केलं.

नाताळच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. आईला आता नीट दिसत नाही, तरी या वर्षीही चाचपून मेणबत्ती लावणार म्हणते, आणि म्हणते डेलिया आता सत्त्याहत्तरची असेल. ते पत्र मी एप्रनच्या खिशात ठेवलं आणि संध्याकाळी आमच्या खिडकीत मेणबत्ती लावली. डेलियाने विचारलं, "ही कुणासाठी गं?" मी म्हटलं, जे लांब आहेत त्यांच्यासाठी. ती हसली. "चला, म्हणजे माझ्यासाठी आता कुणाला लावायला नको." आणि तिने केक कापला. पहिला तुकडा मला दिला. तिकडे तुझी आई काडी ओढत असेल आणि इकडे जिच्यासाठी ती ओढत होती ती माझ्या ताटात केक वाढत होती. मी तो खाल्ला, सबीना. सगळा खाल्ला. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी तुला लिहिलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी ती चर्चच्या पायरीवर कोसळली. डॉक्टर म्हणतात, हृदय पार थकलंय, हलवायचं नाही. पंधरा दिवस, फार तर महिना. तेव्हापासून ती मागच्या खोलीत पलंगावर आहे. परवा पॅकी अंडी घेऊन आला. तिने त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझी जागा तूच खण हं, पॅकी. आईशेजारी." तुला माहीत आहे, आपल्याकडे कबर शेजाऱ्यांनीच खणायची असते आणि कुणी सांगितलं तर नाही म्हणायचं नसतं. वैरी असला तरी माणूस फावडं घेऊन येतो. पॅकी स्वयंपाकघरात आला, टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. "बाई, माझ्या बापाने खणल्या, मी खणल्या, आजवर कुणाला नकार दिला नाही. पण ही मी खणणार नाही. फेरीवाल्याला आई समजून तिला त्याच्या कुशीत झोपवायचं? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हाला जमत असेल. मला नाही जमायचं. आणि दुसरा कुणीही येणार नाही. त्या कोसळल्या तेव्हाच मी सगळ्यांना विचारून ठेवलंय." तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तो रडत होता. आमच्या गावात कबर खणायला माणूस मिळत नाही, असं कधी झालं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे झालं.

आज सकाळी शाळेला सुट्टी देऊन मी तिच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. समुद्र, वही, कबर, तुझं पत्र. ती छताकडे बघत होती. मग विचारलं, "बाळ आहे?" मी म्हटलं, आहे. केट नाव तिचं. "अजून बोटं तोंडात घालते?" मी म्हटलं, मी पाहिलं तेव्हा झोपेत घालायची. "मग मी जिथे फुलं लावली तिथे कोण आहे?" सुया विकणारा फेरीवाला, मी म्हटलं. "बिचारा," ती म्हणाली. "चला, त्याला तरी कुणीतरी मिळालं." मी तिचा हात धरायला गेले तर तिने तो पांघरुणात घेतला. "विनी, तू जरा बाहेर जा," एवढंच. मला तिने शिवी दिली नाही. तूही देऊ नकोस असं मी म्हणणार नाही. दिलीस तर तुझा हक्क आहे.

हे पत्र पॅकी स्वतः दुपारच्या बसने निघून उद्या तुझ्या हातात देईल, पोस्टावर त्याचा भरवसा नाही. मी क्षमा मागायला लिहिलेलं नाही. ती मागायची तर तुझ्या आईच्या पायाशी येऊन मागेन, तू येऊ दिलंस तर. लिहिलं ते एवढ्यासाठी की मार्टिनला गाडी काढायला सांग आणि आईला घेऊन ये. उद्याच ये. तळ्याच्या वळणावर निळ्या दाराचं घर, तू ओळखतेस. मी तेव्हा पॅकीच्या घरी जाऊन बसेन, तुमच्या मध्ये येणार नाही. दाराला कडी नसेल. तिला हलवायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे, पण मी बाहेर असताना ती आपली आपण उठली, निळा कोट चढवला, पिसाची टोपी घातली आणि रस्त्याकडच्या खिडकीत खुर्ची ओढून बसली आहे. माझ्या हातचा चहा तिने घेतला नाही. फक्त मेणबत्ती मागितली, आणि मी ती भर दिवसा खिडकीत लावून दिली आहे. टोपी काढून जरा पड म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, बाळ यायचं आहे.

तुझीच, हा शब्द तू खोडलास तरी चालेल,
विनी